हरकतींची अक्षत

गोजरामावशीने माझ्याकडे घर मागितलंच नाही, ओटा मागितला. कोपरखैरण्यात माझं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला पोळीभाजी केंद्र. तिथे समोर खुर्ची रिकामी असताना टेबलाला टेकून उभी राहत ती म्हणाली, "बाई, मना पयला ओटा पायजे. त्याच्यामागं काय घर निघंल ते काढ." मी घाईत होते आणि जरा वैतागलेलीही होते. लोक पार्किंगपासून सुरू करतात आणि देवघराशी येऊन थांबतात. ओट्यापासून सुरू करणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं. तिच्यामागे तिचा मुलगा अंकुश कागदांची पिशवी पोटाशी धरून उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, आईचं टेन्शन घेऊ नका. तुम्ही तुमच्या हिशोबानं काढा."

मी आईचं टेन्शन घेतलं आणि बरं केलं, असं आज वाटतं.

मी मूळची कऱ्हाडची. नवी मुंबईत येऊन माझी निम्मी हयात गेली, पण बोनकोडे गाव मी आतून कधी पाहिलं नव्हतं. सेक्टरांच्या मधोमध हे जुनं गाव आहे, एवढंच माहीत. गोजरामावशी तिथली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन सगळे विधी लावणारी बाई, ती धवलारीण. हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंत कधी काय करायचं ते तिच्या गाण्यातून ठरतं. ती थांबली की मांडव थांबतो. मावशीचं माहेर तुर्भ्याचं. गाणी शिकली ती सासूकडून, चुलीपुढे बसून. आठवडाभर कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायची आणि सुट्टीला कोणाच्या तरी दारात मांडवाखाली बसायची. गावातल्या निम्म्या नवरा-बायकोंना तिनेच हळद लावलेली, त्यामुळे घरात भांडण झालं की बायका तिच्याकडे तक्रार घेऊन येतात, दुकानात माल परत करायला यावं तशा. ती त्यांना चहा पाजते आणि सांगते, "मी लगीन लावलं, ग्यारंटी नव्हती दिली."

तर या बाईचा प्लॉट. नवी मुंबई वसवताना शेतजमीन गेली, तिच्या बदल्यात मिळालेला, तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे दिनानाथच्या नावावर. गावतळ्याच्या अगदी काठाला. दिनानाथ वारला, पण प्लॉट तसाच मोकळा पडून होता, कारण गावातलं जुनं घर होतं आणि त्यात सगळ्यांचं भागत होतं. मग त्या घराच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती उठल्या, मधल्या घराच्या भिंतींना तडे गेले आणि घर धोकादायक ठरलं. पावसाळ्याआधी रिकामं करा, म्हणून कागद आला. आता जायचं तर तळ्याकाठी, असं मावशीने मनाशी पक्कं केलं आणि ती माझ्याकडे आली.

जागा मी बघितली तेव्हा तिच्या प्रेमात पडले. समोर पाणी, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पलीकडे गावाची घरं. मग ऑफिसात येऊन टेप आणि नियम हातात घेतले आणि प्रेम उतरलं. प्लॉट लांबीला ऐसपैस, पण रुंदीला चिंचोळा. तळ्याच्या काठापासून नियमाप्रमाणे अंतर मोकळं सोडायचं, मागच्या गल्लीकडूनही सोडायचं, आणि दोन्ही सोडून जे उरत होतं त्यात घर बसत नव्हतं. रेल्वेचा डबा बसला असता. अशा वेळी एकच दार उरतं. नगररचना कार्यालयात अर्ज करायचा, आमची अडचण खरी आहे, विशेष बाब म्हणून तळ्याकडच्या अंतरात सूट द्या. त्याला सरकारी मराठीत शिथिलता म्हणतात. मिळाली तर घर होतं. नाही मिळाली तर प्लॉट असून नसल्यासारखा.

अंकुशला ते नसल्यासारखंच वाटत होतं. तो लांब, बंदराकडच्या द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर. रोजचं जाणं-येणं त्याच्या जिवावर यायचं. शेजारचा प्लॉट एका बिल्डरने आधीच घेतला होता आणि हा जोडून मिळाला तर त्याचं टॉवरचं गणित बसत होतं. अंकुशने द्रोणागिरीला फ्लॅटसुद्धा बघून ठेवला होता. "आई, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे," तो माझ्या ऑफिसात तिला सांगत होता.

"लगनं कोनाची लावू तिकडं?" मावशी म्हणाली. "गोदामांची?"

हे ती हसत म्हणाली, पण अंकुश बाहेर फोनवर गेला तेव्हा आवाज खाली आणून मला म्हणाली, "बाई, धवलारीन गावातच राहते. गाव सुटला का ती नुसती म्हातारी." तिथून माझ्या लक्षात आलं की इथे मामला भिंतींचा नाही. हे घर झालं नाही तर ही बाई गावातून उठणार आणि गाणं तिथेच राहणार. त्या दिवशी मी ओटा काढला. प्लॉटच्या उत्तरेच्या टोकाला, पायऱ्यांकडे तोंड करून, वीस-पंचवीस बायका गायला बसतील एवढा. नकाशा बघून मावशीने त्या चौकोनावर हात फिरवला.

अर्ज गेला. तळं गावाचं, म्हणून जाहीर सूचना द्यावी लागणार होती. अमुक प्लॉटवर अमुक सूट मागितली आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी आणि सुनावणीला हजर राहावं. अशी सूचना पेपरात आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या शेजारी छापून येते. आमच्या धंद्याची सगळी पुण्याई, ती कोणी वाचू नये, यात असते. मी मावशीला बजावून सांगितलं, "पेपरात आलंय. आता कोणाशी काही बोलायचं नाही. हरकत आली नाही तर काम सोपं होईल."

"पेपरात?" ती म्हणाली. "माझे घराचं आमंत्रन पेपरात?"

"आमंत्रण नाही हो मावशी. हरकती मागवल्यात."

"मागवल्यात ना? मग मागायला घरी नको जायाला?"

मला वाटलं गंमत करतेय. मीही हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दोन दिवसांनी अंकुशचा फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, आई ताट घेऊन फिरतेय. हळद-कुंकू, अक्षता. दारोदार जाऊन हरकती मागतेय." मी चालू काम टाकून रिक्षा पकडली. गावाच्या तोंडाशी मावशी सापडली. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, हातात ताट, बरोबर दोन बायका. लग्नाची अक्षत द्यायला निघावं तसा थाट. दिनानाथ गेला तरी धवलारणीचा हा मान गावाने तिच्याकडून काढून घेतला नव्हता. पहिली अक्षत गावदेवीला ठेवली होती, दुसरी तळ्याला, मग घरं. मी तिला रस्त्यातच गाठून म्हटलं, मावशी, हे हात दाखवून अवलक्षण आहे. लोकांना सुचलं नसतं ते तुम्ही सुचवताय. माझा आवाज चढला होता, हे बरोबरच्या बायकांच्या तोंडावरून कळत होतं.

मावशीने मला ओरडू दिलं. मग ताट दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "बाई, तळं कोनाचं? गावाचं. मी तळ्याची जागा मागतंय. ज्याची वस्तू त्याला नाय इचारायचं आन पेपरात कोपऱ्यात छापायचं, कोन वाचनार नाय अशी आस धरून. त्याला आमचेत चोरी बोलतात." तिने माझ्याही कपाळाला कुंकू लावलं आणि हातात अक्षता ठेवल्या. "तू बी ये. काय हरकत असंल तर बोल."

मी चिडून परत आले. खरं सांगायचं तर तिच्या म्हणण्यात खोट नव्हती, आणि तरीही मी चिडलेच, कारण गिऱ्हाईक सज्जन असलं की आर्किटेक्टचं काम दुप्पट होतं. अंकुशकडून एक गोष्ट आणखी कळली. मावशी जोतीरामकाकांकडेही जाऊन आली होती. हा दिनानाथचा धाकटा भाऊ, मावशीचा दीर. प्लॉट वाटले गेले तेव्हा तळ्याकाठचा दिनानाथला निघाला आणि जोतीरामकाकांना कुठेतरी आडबाजूला. त्यांनी अदलाबदल मागितली, दिनानाथने नाही म्हटलं. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. गल्ली एक, पाण्याचा नळ एक, आणि बोलणं नाही. दिनानाथ गेला तेव्हा जोतीरामकाकांनी खांदा दिला, पण वहिनीशी शब्द नाही. त्यांच्या दारातही ती ताट घेऊन उभी राहिली. ते आतून बाहेर आले नाहीत. सुनेने अक्षता घेतल्या.

सुनावणीच्या दिवशी मी वेळेआधी पोचले. वाटलं, चार-पाच जण येतील. आला तो टेम्पो, त्यामागे रिक्षा. बायका गजरे माळून, पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून. शिपायाने घाबरून मला विचारलं, "मोर्चा आहे का?" मी म्हटलं, "नाही, बोलावणं आहे." सुनावणीच्या खोलीत खुर्च्या पुरेनात. साहेब म्हणजे चष्म्यातला एक किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फायलीकडे पाहिलं. माझी पाचावर धारण बसली.

"इतक्या लोकांची हरकत आहे?" त्यांनी विचारलं.

"आमाला बोलावलंय," पुढच्या रांगेतून उत्तर आलं.

"कोणी?"

सगळ्यांनी गोजरामावशीकडे बोट दाखवलं. ती प्रसन्न चेहऱ्याने उभी राहिली आणि तिने साहेबांना नमस्कार केला.

पहिली उठली हलिमा. मागच्या गल्लीत राहते, सुकी मासळी विकते. म्हणाली, "साहेब, माडी उठली का सावली माझे बोंबलांवर येनार. बांबूवर वाळत घालते मी, तितं ऊन नाय राहनार."

साहेबांनी लिहून घेतलं. "म्हणजे घर बांधू देऊ नये, असं म्हणणं आहे?"

हलिमा दचकली. "आसं कुठं बोलली मी? बांधू दे की. पन दारात येऊन हरकत मागितली हिनं, रिकाम्या हातानं कशी येऊ?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. या लोकांनी हरकत आणली होती ती आहेर आणावा तशी. बोलावलं आहे, मागितलं आहे, तर काहीतरी घेऊन जायला हवं. आणि सगळे घरून विचार करून, आपापल्या ऐपतीप्रमाणे, एकेक हरकत घेऊन आले होते. समोरच्या टॉवरमधले प्रसाद म्हणून एक बँकेतले गृहस्थ उभे राहिले. "ॲक्च्युअली सोसायटीची तशी हरकत नाही सर. पण गोजराआजी स्वतः लिफ्टने आमच्या घरी आल्या, माझ्या मुलीची हळद यांनीच केलेली. मग मिसेस म्हणाली, एखादा पॉइंट घेऊन जा. तर आमचा पॉइंट पार्किंगचा." कोणी म्हणालं, तळ्याकाठी डास फार, तिने जाळ्या लावाव्यात. कोणी म्हणालं, दक्षिणेला जिना नको. एक वाकलेली म्हातारी काठी टेकत उठली आणि म्हणाली, "हिचं दार पान्याकडं पायजे. सकाळी झाडताना ही गाते. दार गल्लीकडं केलं तर पलीकडं आमाला ऐकू येनार नाय. हीच माझी हरकत."

साहेबांचं पेन थांबलं. ते हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसत बसले. मी मावशीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी जोतीरामकाका उभे राहिले. ते आलेत हे मला माहीतच नव्हतं. उंच, वाळलेले, टोपी हातात. वहिनीकडे न बघता ते साहेबांशी बोलले. "साहेब, हिच्या जागंतून गनपतीची वाट जाते. गल्लीतून पायऱ्यांवर. गावातला एकूनएक गनपती आन गौर तिथनं पान्यात उतरते. नकाशात त्या वाटंवर ओटा काढलाय. ओटा झाला तर गनपती जानार कुठनं? ही माझी हरकत. मी आहेर म्हनून नाय बोलत."

मी नकाशावर वाकले. प्लॉटच्या उत्तरेच्या टोकाला गवतात पायवाट होती, मी ती पाहिली होती, लोक मोकळ्या जागेतून तिरके जातातच, म्हणून सोडून दिली होती. नेमका तिच्यावर ओटा. साहेबांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, "ही हरकत मला नोंदवावी लागेल."

मी उभी राहून काही बोलणार होते. वाट कागदावर कुठे आहे, पुरावा काय, दुसरीकडून उतरायला जागा होईल, असलं बरंच माझ्या जिभेवर होतं. त्याआधी गोजरामावशी बोलली. "साहेब, भावजी बरोबर बोलतात. वाट हाय. सासूबरोबर मीच गौर डोक्यावर घेऊन गेलंय तिथनं. घराच्या नादात इसरली मी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, ओटा काढून टाक."

साहेबांनी जागा बघायला येण्याचा दिवस लिहून दिला आणि सुनावणी उठली.

बाहेर आल्यावर मी तिला चांगलं फैलावर घेतलं. वकील सोबत असता तर त्याने तिचं तोंड धरलं असतं, असंही म्हटलं. प्लॉटचा शेंडा तिने भर सभेत देऊन टाकला, त्यात घर आणखी आखूड होणार, आणि सूट मिळायची आशा मला दिसत नव्हती. अंकुश एका बाजूला बिल्डरचा नंबर शोधत उभा होता. मावशी मात्र पायरीवर बसून टेम्पोत चढणाऱ्या लोकांकडे बघत होती. "एक घर मागं नाय राहिला बाई. सगली आली," ती म्हणाली. "कामधंदा सोडून आली. माझेसाठी." मला तिचा राग आला आणि हेवाही वाटला. माझ्यासाठी एवढी माणसं कामधंदा सोडून कुठे गेली असती, हे मला सांगता आलं नसतं. टेम्पो गेल्यावर तिचा चेहरा उतरला. "खरंच जावं लागंल काय गं द्रोनागिरीला?" तिने विचारलं. मी सांगितलं, माहीत नाही.

साहेब ठरल्या दिवशी आले, वेळेवर. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. वाट गवतातून सरळ पाण्याकडे जात होती, मधे दगड बसून गुळगुळीत झालेले. जोतीरामकाका आले होते. मावशीपासून दहा हात लांब उभे राहून ते साहेबांना दाखवत होते, पहिला गणपती कोणाचा, मूर्ती वळवायला जागा किती लागते, बायका गौर घेऊन कुठे थांबतात. साहेब चालत खाली गेले, पुन्हा वर आले. मग मावशीला विचारलं, "आजी, ही वाट तुम्ही लेखी सोडाल? कायमची. तुमच्यानंतर तुमच्या मुलालाही बंद करता येणार नाही. आणि पाण्याच्या बाजूला कुंपणाची भिंत घालता येणार नाही."

मावशीने अंकुशकडे पाहिलं. अंकुशने तळ्याकडे पाहिलं. त्याला काय वाटत असेल, मला अंदाज होता. द्रोणागिरीचा फ्लॅट, लिफ्ट, रोजचं जाणं. तो म्हणाला, "सोडतो साहेब. आईला विचारू नका, मीच सही करतो."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचा अर्ज मी नीट वाचला होता. यांची अडचण त्यात व्यवस्थित मांडली होती. पण नियम ढिला करायचा तर मला विचारावं लागतं, यात गावाचा काही फायदा आहे का, निदान नुकसान तरी नाही ना. त्याबद्दल तुमच्या अर्जात ओळ नव्हती. मी नाही म्हणणार होतो." त्यांनी वाटेकडे मान केली. "आता हे आहे. पायऱ्यांची वाट कायमची खुली, तळ्याकडे भिंत नाही, आणि काठावर राहतं घर. हे मला वर लिहिता येईल."

जी हरकत आम्हाला बुडवणार असं मी धरून चालले होते तिच्यावरच आता सगळं तरत होतं. आणि ती हरकत आली कारण एक बाई ताट घेऊन अबोला धरलेल्या दिराच्या दारात जाऊन उभी राहिली. मी सांगितलेलं ऐकून ती घरी बसली असती तर आज ती द्रोणागिरीला खिडकीत बसून ट्रक बघत असती. त्या किडकिडीत साहेबांचे, त्या टेम्पोचे आणि माझा सल्ला न मानल्याबद्दल मावशीचे, असे सगळ्यांचे आभार मानावेसे मला वाटले. त्यातल्या एकाचेही मी तिथे मानले नाहीत. नवीन नकाशा कधी देते एवढंच साहेबांना सांगितलं.

मी घर दक्षिणेकडे सरकवलं, एक खोली कमी केली, दार पाण्याकडे ठेवलं, माडी एका बाजूला घेतली म्हणजे हलिमाच्या बांबूंवर ऊन राहील. ओटा नव्हता. त्याच्या जागी नकाशावर आता दोन रेघा होत्या आणि मधे लिहिलं होतं, सार्वजनिक वाट. मावशीने विचारलं, ओट्यावर बसायच्या त्या बायका आता कुठे बसतील. मग स्वतःच म्हणाली, पायऱ्यांवर बसतील, पायऱ्या काय कमी आहेत.

मंजुरीचा कागद हातात आला तेव्हा उन्हाळा लागला होता. तो घेऊन मी गावात गेले. मावशीने कागद देवापुढे ठेवला, नारळ फोडला, खोबरं आणि साखर ताटात घेतली आणि मला म्हणाली, "चल."

"कुठे?"

"हरकती पोचल्या म्हनून सांगाया नको? एवढी लोकं आली."

आम्ही दोघी निघालो. मला काम होतं, पण त्या दिवशी मी नाही म्हटलं नसतं. प्रत्येक दारात तिने खोबरं दिलं आणि सांगितलं, तुमची हरकत पोचली, घर मंजूर झालं. लोक म्हणत, बरं झालं, बरं झालं, आणि आत बोलावत. हलिमाने आम्हाला बसवून कोकमाचं सरबत पाजलं आणि बोंबील बांधून दिले. प्रसादच्या बायकोने आपल्या पार्किंगच्या मुद्द्याचं काय झालं ते विचारलं. काठीवाल्या म्हातारीला मी स्वतः सांगितलं, आजी, दार पाण्याकडे आहे. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

शेवटचं दार जोतीरामकाकांचं. मावशी उंबऱ्याशी थांबली. मला वाटलं, पुन्हा सून येईल. काकाच बाहेर आले. दोघं समोरासमोर, आणि दोघंही माझ्याकडे बघत होते. मावशीने ताट पुढे केलं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमची हरकत पोचली. सायबानं तिच्यावरच घर दिला. तुमचे लय उपकार झाले."

काकांनी खोबरं उचललं, पण तोंडात घातलं नाही. मग पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाले, "उपकार कसले, वहिनी. बिल्डरची भिंत उठली असती तर मी बोललोच नसतो. भिंतीला कोन सांगनार, वाट सोड म्हनून? तुला सांगितलं तर तू ऐकशील, म्हनून सांगितलं."

मावशीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मी ताट तिच्या हातातून काढून घेतलं, नाहीतर खोबरं खाली सांडलं असतं. ती रडत होती आणि काका टोपी काढून, घालून, पुन्हा काढून उभे होते. मलाही तिथे कोरडं राहता आलं नाही.

"भावजी," ती सावरून म्हणाली, "भूमिपूजनाला नारळ तुमचे हातानं फुटला पायजे. घरात मोठं दुसरं कोन नाय आता."

"किती वाजता?" काकांनी विचारलं.

मावशीचा पदर पुन्हा तोंडाला गेला. म्हणून वेळ मी सांगितली.